कूलरचा पंप घेताना

मैत्रिणींनो, होळी झाली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी कूलर बाहेर निघतो. जुने गवत काढायचे, नवे भरायचे, टाकी घासायची, पत्र्याला रंगाचा हात द्यायचा. एवढा सगळा उपद्व्याप करून बटण दाबावे, तर पंखा भणभण फिरतो आणि पाणी काही वर चढत नाही. पंप गेला! मग घरातले कोणीतरी ‘संध्याकाळी आणतो’ म्हणून जाते आणि दुकानदार जो हातावर ठेवील तो पंप घरी येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा ही काही चैनीची वस्तू उरत नाही. म्हणून आज या हातभर वायरीच्या, मूठभर आकाराच्या पंपाबद्दल बोलू या.

कूलरचे काम आधी समजून घ्या. खालच्या टाकीतले पाणी पंप वर नेतो, ते पन्हळीतून गवताच्या ताट्यांवर झिरपते आणि उरलेले पुन्हा टाकीत येते. कोरडी हवा ओल्या गवतातून आत येताना पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर हवेतली उष्णता जाते. माठातले पाणी गार होते ना, अगदी तसेच. म्हणजे गारवा देते ती वाफ, पंप नव्हे. पंपाने फक्त तिन्ही ताट्या वरपासून खालपर्यंत सारख्या ओल्या ठेवायच्या. हे एकदा ध्यानात आले की मोठा पंप घेण्याचा मोह आपोआप सुटतो.

दुकानदार म्हणेल, “वहिनी, हा घेऊन जा न, बारा फूट पाणी फेकते!” त्याच्या बोलण्यावर न जाता खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा. तिथे दोन आकडे असतात. एक म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती उंच चढेल, आणि दुसरा म्हणजे तासाला किती लिटर. पुष्कळ लहान पंपांवर 18 वॅट, 1.85 मीटर म्हणजे सुमारे 6 फूट, आणि तासाला हजार-अकराशे लिटर असे लिहिलेले आढळते. दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी खरे नाहीत, बरं का! हजार लिटर मिळतात ते पाणी मुळीच वर चढवायचे नसेल तेव्हा. आणि 6 फुटांवर तर पाणी नुसते नळीत उभे राहते, थेंबही बाहेर पडत नाही. आपली उंची या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी मोजपट्टी घ्या. टाकीत पाणी कमीत कमी असताना त्याची जी पातळी असते, तिथपासून वरच्या पन्हळीपर्यंतची उंची मोजा. ती 3 फूट भरली, तर 6 फुटांचा पंप घ्या. आपल्या उंचीच्या साधारण दुप्पट, हा सोपा नियम. अशा वेळी खोक्यावरच्या लिटरांच्या निम्म्याच्या आसपास पाणी मिळते आणि घरच्या कूलरला ते भरपूर होते. याहून फार जोरकस पंप लावला तर पाणी गवतात न मुरता उडते, पंख्यातून थेंब खोलीत येतात आणि पांघरुणे दमट होतात. गारवा मात्र तेवढाच.

गणित हा माझा विषय नव्हे, मी शाळेत मराठी शिकवते. पण हा पडताळा किराण्याच्या हिशेबाइतकाच सोपा आहे. पंप बादलीत बुडवून नळी आपल्या कूलरच्या उंचीइतकी वर धरा आणि एक लिटरचे माप भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. 10 सेकंद लागले तर तासाला 360 लिटर झाले. नळीला घडी पडलेली नको, आणि ती पंपाच्या तोंडाहून बारीकही नको, नाही तर चांगला पंपही दुबळा ठरतो.

विजेचेही पाहा. 18 वॅटचा पंप रोज 10 तास चालला तर महिन्याला साडेपाच युनिटांच्या आत भागते. 40 वॅटचा घेतला तर 12 युनिट. खोक्यावर व्होल्टेजही लिहिलेले असते. आपल्याकडे संध्याकाळी दिवे मिणमिणतात, म्हणून 165-170 व्होल्टवरही चालणारा पंप बरा.

आता आपल्या भागाचे खरे दुखणे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे आणि आपले भातकुली त्यातच येते. नळाचे गोडे पाणी प्यायला आणि डाळ शिजवायला जपून ठेवायचे, तेव्हा कूलरच्या वाट्याला बोअरचे खारे पाणीच येणार. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडच्या कित्येक विहिरी ही हदसुद्धा ओलांडतात. समजा, लिटरला 2 ग्रॅम क्षार आहेत आणि दिवसाला 40 लिटर पाणी उडाले. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. दिवसाला 80 ग्रॅम, आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर! त्यातला चुना पंपाच्या चक्रीवर थर धरतो, चक्री अडकते, पंप नुसता गुणगुणतो आणि आतली तार तापून जळते. बाकीचे क्षार पत्रा गंजवतात. पंप ‘हलका निघाला’ असे आपण म्हणतो, पण बरेचदा त्याला मिठाने मारलेले असते.

यावर उपाय घरचाच आहे. एक दिवसाआड तळाचे बूच काढून खालचे खारट पाणी सोडून द्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा तोही बंदोबस्त त्यातच झाला. हे पाणी तुळशीला किंवा भाजीच्या वाफ्याला घालू नका, मिठाने आपली काळी माती घट्ट होते. पंप गाळात बसू नये म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवा, मात्र तो पूर्ण बुडालेला हवा, कोरडा चालला की जळालाच समजा. महिन्यातून एकदा पुढचे झाकण काढून चक्री बाहेर घ्या. प्लॅस्टिकच्या मगात कोमट पाणी आणि चमचाभर लिंबाचे सत घालून तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासा. घेतानाच चक्री सहज निघणारा पंप निवडा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. कूलरचा शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहून नेते, हे विसरू नका. पंपाची वायर लांब आणि अखंड हवी, तिचा जोड टाकीत किंवा टाकीच्या काठावर नको. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग पाहिजे, तिसरी पिन नुसती शोभेची नको. घरच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या, गळती होताच तो वीज तोडतो. आणि पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, प्लग उपसून ठेवा. पायांत चपला, हात कोरडे, आणि पोरांना जवळ फिरकू देऊ नका. पाणी भरण्याचे काम बहुधा आपल्याचकडे असते, म्हणून हा नियमही आपणच घालायचा.

मुलांच्या हौसेखातर घरात मासे पाळले असतील आणि खालच्या पेटीतून गाळलेले पाणी वर चढवायचे असेल, तरी उंचीचा हिशेब हाच. फक्त वीज गेल्यावर वरचे थोडे पाणी नळीतून उलटे खाली येते. तेवढी जागा खालच्या पेटीत रिकामी ठेवा, नाही तर सकाळी फरशीवर तळे दिसेल. हात घालण्यापूर्वी तिथेही प्लग आधी काढा.

तेव्हा यंदा पंप आणायला कोणालाही पाठवा, पण चिठ्ठी तुम्ही लिहा. किती फूट, किती वॅट, किती व्होल्ट, वायर किती लांब. दुकानदार मग आपोआप नीट बोलतो!