पर्यावरणाचं पुस्तक कुणासाठी?

बीए, बीकॉमच्या मुलींना ‘पर्यावरण’ विषयाबद्दल विचारून बघा. ‘पास होण्यापुरता!’ असंच उत्तर बहुतेकींकडून येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे हा विषय पदवीला सक्तीचा झाला. यूजीसीने पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांच्याकडून पुस्तकही लिहून घेतलं. त्यात प्रत्यक्ष पाहणीवर भर आहे. पण परीक्षेच्या तोंडावर हाती असतं ते गाइडच.

जालन्यात तर धडे दारातच आहेत. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. त्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने मात्र पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षं पिकवली. हे का घडलं, हे समजायला रसायनशास्त्र कशाला हवं?

म्हणून पुस्तक निवडताना प्राध्यापकांनी दोनच गोष्टी बघाव्यात. भाषा सोपी मराठी आहे का? आणि आपल्या गावची विहीर, नाला, कारखान्याचा धूर तपासायला ते शिकवतं का? तालुक्याची माहिती त्याला जोडता येईलच.

राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आज घोकंपट्टी करणारी मुलगी उद्या सरपंच झाली, तर पाण्याचा आराखडा तिच्याच सहीने जाईल. तेव्हा गाइड काय कामाचं?