मुलांना धर्म कुणी शिकवायचा?

आपल्या मंडळातल्या काही ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला सुरुवात केली आहे. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, मराठी शाळेबाहेर गाडीत मुलं बसवता बसवता, त्यावर दबक्या आवाजात बोललं जातं. मुलं एकलकोंडी होतील, विज्ञानात मागे पडतील, आणि हे सगळं इथल्या अमेरिकन चर्चचं खूळ आहे, असा एकूण सूर असतो. मी नाशिकच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले. माझे आईवडील जिथे उपासनेला जात, त्याच परंपरेतली ही कुटुंबं आहेत. म्हणून या कुजबुजीला उघडपणे उत्तर द्यावं असं वाटलं. या आईबापांचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे, आणि तो त्यांनी अमेरिकेतून उसना आणलेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ती त्यांनी निवडलेल्या पुस्तकांबद्दल आहे.

आधी अधिकाराचं बोलू. मराठी ख्रिस्ती माणसाला घरच्या शिक्षणाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाई लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून सनातनी मंडळी खवळली. उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना शास्त्राधार मांडावे लागले. पुढे ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. मग सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि वर्षानुवर्षं चालत राहिलं. शिकवायचं काम आईकडे होतं. पक्षी जागे व्हायच्या आत ती लेकीला उठवी, मांडीवर घेई आणि श्लोक म्हणवून घेई. पाटी नाही, फळा नाही, छप्परही रोज नवं. त्या पहाटेच्या पाठांतरातून घडलेल्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. हे शिक्षण हिंदू घरातलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण शेवटची वर्षं याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, आणि ते केडगावच्या त्यांच्याच छापखान्यात छापलं गेलं. त्या कामाची तयारी आईच्या मांडीवर झाली होती, असं मी मानते.

रमाबाईंची दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी आणि त्यांच्या छोट्या लेकीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी मायलेकींना आसरा दिला होता, मनोरमेवर त्यांचा जीवही होता. पण मुलीला धर्मातलं काय शिकवायचं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडल्या. त्रैक्यासारखी गूढ मतं आपल्या लेकीच्या डोक्यात आपल्याला न विचारता घातलेली त्यांना चालणार नव्हती. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. परक्या देशात, दुसऱ्यांच्या अन्नावर असताना, नव्याने ख्रिस्ती झालेली एक मराठी विधवा खुद्द चर्चला सांगते की माझ्या मुलीच्या श्रद्धेची जबाबदारी माझी आहे. आपल्या मंडळातली घरी शिकवणारी आई आज यापेक्षा वेगळं काय म्हणते आहे?

कायद्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ साली, ओरेगनच्या खटल्यात, मूल हे केवळ सरकारचं नव्हे असा निकाल दिला आणि मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरवायचा आईबापांचा अधिकार मान्य केला. घरी शिकवणं १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत कायदेशीर झालं होतं. नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, शेजारच्या न्यू जर्सीत जवळजवळ काहीच विचारत नाहीत. जर्मनीत मात्र शाळेत पाठवणं सक्तीचंच आहे. आपल्याकडे, भारतात, राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे, सरकारी मान्यतेच्या किंवा अनुदानाच्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. धर्म शिकवणं हे घराचं काम, ही समज आपल्या घटनेतही आहे.

आता नाशिककडे येते. शरणपूर रोडवरच्या कपड्यांच्या दुकानांत फिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की शरणपूर हे ख्रिस्ती मिशनने वसवलेलं गाव होतं? १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ते उभं केलं. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली. ती सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि पवित्र शास्त्र वाचायला शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली इथूनच आपल्या आफ्रिकेतल्या सफरीसाठी मुलं घेऊन गेला. पुढे त्याला सामील झालेला जेकब वेनराइट इथेच शिकला होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा आफ्रिकेतच अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला खांदा दिला. ज्या मुलांचं घरच लुटलं गेलं, त्यांच्यासाठी शाळेला घर व्हावं लागलं. शरणपूरचा मला अभिमान आहे. पण ज्या मुलाला घर आहे, त्याच्या घराने आपलं काम शाळेवर किंवा शब्बाथ शाळेच्या एका तासावर ढकलू नये, हेही मी तिथूनच शिकले.

आमच्या घरी दिवेलागणीला उपासना असे. आई एक अध्याय वाची, वडील पेटीवर ‘उपासना संगीत’मधलं एखादं गीत घेत, मग आम्ही भावंडं वचन पाठ म्हणत असू. अडलं की आजी स्वयंपाकघरातून पुढचा शब्द सांगे, हात पिठात असले तरी. गणित, भूगोल, शिवाजी महाराज हे सगळं आम्ही मराठी शाळेत शिकलो. देव कोण आणि शेजारी कोण हे घरी शिकलो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला हेच सांगितलं आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना हे शिकवत राहा. बायबलची जीवनदृष्टी म्हणतात ती माझ्या मते अशी दिवसभर मुरवायची गोष्ट आहे. तिच्यासाठी शाळा सोडलीच पाहिजे असं नाही, पण कुणी सोडली तर तो वेडाही नाही.

आता तक्रारीकडे वळते. या कुटुंबांनी मागवलेली अमेरिकन ख्रिस्ती प्रकाशकांची पुस्तकं मी चाळली. व्याकरण पक्कं आहे, पाठांतरावर भर आहे, हे मला आवडलं. पण इतिहासाच्या पुस्तकात भारत येतो तो अंधारात बसलेला देश म्हणून, आणि उजेड घेऊन येतो तो गोरा मिशनरी. एकाही मराठी ख्रिस्ती माणसाचं नाव मला त्यांत सापडलं नाही. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं सांगणारा विज्ञानाचा धडाही मला पटत नाही. उत्पत्तीचं पुस्तक त्यासाठी लिहिलेलं नाही, असं माझं मत आहे. त्याहून जास्त खुपतं ते हे, की या पुस्तकांतून वाढणारं मूल आपल्या आजीच्या शेजारणीकडे संशयाने बघायला शिकेल.

आपली परंपरा तशी नाही. नारायण वामन टिळक नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. पुढे आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तरी तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणणारा पूल आहे असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला घरीच शिकल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लगेच त्या झाल्या नाहीत. पाच वर्षं दुःख सोसलं, विचार केला, आणि जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न स्वतःच सोडवून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुरं केलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा अपुरा राहिलेला भाग मुलगा देवदत्त यांनी पुरा केला. घरच्या शिक्षणाचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. असा वारसा असताना आपल्या मुलांना परक्यांचीच पुस्तकं का?

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती वाचकांना सांगायला हवी. रमाबाई पुण्यात शारदासदन ही मुलींची शाळा चालवत, तेव्हा काही मुली त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंनी जबरदस्ती केली नव्हती, असं मला वाटतं. तरीही मुली काढून नेणारे पालक तोच अधिकार बजावत होते, जो रमाबाईंनी स्वतः वाँटेजला बजावला होता. आपल्याला हवा तो अधिकार शेजाऱ्यालाही द्यावा लागतो.

म्हणून दोघांनाही एकेक मागणं आहे. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी आठवड्यातून एक तास या मुलांना मराठीत बायबल वाचायला शिकवावं, ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात घालावं, आणि रविवारच्या मराठी शाळेत त्यांना जरूर आणावं. मंडळाच्या कार्यकारिणीने ग्रंथालयाच्या कपाटात टिळकांच्या आणि रमाबाईंच्या पुस्तकांसाठी एक फळी मोकळी करावी, आणि नाताळच्या कार्यक्रमात या मुलांना टिळकांचं एखादं गीत म्हणायला बोलवावं. पेटी वाजवायला मी येईन.