शाळेतले यंत्र आणि मुलांचा विवेक

शिक्षणाची प्रगती मोजण्याचे एक नवे माप अलीकडे आपल्याकडे निघाले आहे. शाळेत पडदे किती, संगणक किती, इंटरनेटची जोडणी आहे की नाही, एवढे मोजले की शाळेची परीक्षा संपली. हे माप पेण-रोह्याकडेही येऊन पोहोचले आहे. नव्या पडद्यापुढे नारळ फुटतो, पाहुण्यांची भाषणे होतात, छायाचित्र निघते, आणि आपली शाळा 'डिजिटल' झाली या समाधानात सारे गाव घरी परतते. या समाधानात थोडे विघ्न आणावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे असे की, यंत्र चालविता येणे ही एक विद्या, आणि यंत्रातून जे बाहेर पडते त्याचा खरेखोटेपणा पारखता येणे ही दुसरी विद्या. पहिली मुले शाळेवाचूनच शिकतात. दुसरी शाळेवाचून शिकता येत नाही, आणि नेमकी तीच शाळेत क्वचित शिकविली जाते.

पहिल्या विधानास पुरावा हवा असल्यास २०२४ सालचा 'असर' अहवाल पाहावा. ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८२ मुलांनी आपणांस स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामी तो वापरणारी शेकडा ५७, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी शेकडा ७६ निघाली. म्हणजे ज्या कलेच्या शिक्षणासाठी आपण नारळ फोडतो, ती कला मुलांनी केव्हाच हस्तगत केली आहे. पोहता येणाऱ्यास पाण्यात कसे उतरावे हे शिकविण्यात अर्थ नाही. भोवरा कोठे आहे ते त्याला सांगितले पाहिजे.

आणि भोवरा काल्पनिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील रायनपाडा येथे भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही मोबाईलवरून पसरलेली अफवा त्यास कारण झाली. ही पाच माणसे कोणाला फोन हाताळता आला नाही म्हणून मेली नाहीत. तो सर्वांना उत्तम हाताळता येत होता म्हणूनच अफवा इतक्या त्वरेने धावली. "हे कोण सांगतो आणि कशावरून सांगतो?" हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र कोणी लावून दिलेली नव्हती.

छापील पुस्तकाला निदान एक मुखपृष्ठ असते. लेखक कोण, प्रकाशक कोण, कोणत्या साली छापले, हे त्यावर लिहिलेले असते, आणि वाचक कळत नकळत त्यावरून मजकुराचे वजन ठरवितो. मोबाईलवरचा निरोप म्हणजे मुखपृष्ठ फाडून हाती दिलेले पुस्तक होय. आता तर मागेल त्या विषयावर निबंध रचून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्या निबंधांतून कधीच कोणी न लिहिलेल्या ग्रंथांचे दाखले मोठ्या आत्मविश्वासाने दिलेले सापडतात. अशा काळात फाटलेले मुखपृष्ठ शोधून काढण्याची विद्या हीच खरी साक्षरता. बाकीची केवळ बोटांची चपळाई.

ही विद्या शिकविण्यास दूर जावयास नको. पेणच्या मुलांसाठी विषय त्यांच्या अंगणात आहे. पेण, हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर गणपती घडतात आणि कित्येक विद्यार्थ्यांची घरे त्यावर चालतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी विसर्जनाविषयी सुधारित सूचना काढल्या, तेव्हापासून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदीचा वाद चालू झाला. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास वाट मोकळी केली. परंतु न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यांचे नैसर्गिक जलाशयात विसर्जन होऊ नये, असेही बजावले. पुढे जुलैत मोठ्या मूर्तींविषयी आणखी आदेश निघाला. आता 'बंदी उठली' हा निरोप अर्धा खरा आणि 'बंदी कायम' हाही अर्धा खरा! पहिल्यावर विसंबून माल भरणारा कारखानदार फसेल, दुसऱ्यावर विसंबून हात आखडणाराही फसेल. शिक्षकाने हे दोन निरोप फळ्यावर लिहावे, मूळ आदेश पडद्यावर आणावा, आणि कोणी, केव्हा, नेमके काय मना केले ते मुलांकडून शोधून घ्यावे. पडद्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.

रोह्याची गोष्ट घ्या. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. उद्या रात्री वायुगळतीचे एखादे चलच्चित्र गावभर फिरू लागले तर काय करावे? ते चित्र धाटावचेच आहे काय? तेच पूर्वी दुसऱ्या एखाद्या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाले होते काय, हे इंटरनेटवर शोधण्याची सोय आहे. ती किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? तहसील कार्यालयाकडून काही सूचना आली आहे काय? खोट्या बातमीने चेंगराचेंगरी होईल आणि खरी बातमी थट्टेवारी नेली तर जीव जातील. येथे आंधळा विश्वास जितका घातक, तितकाच सरसकट अविश्वासही घातक.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, हे मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे. केरळातील कण्णूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीविरुद्ध अफवा उठल्यावर तेथील जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग चालविले. कण्णूरच्या मुलांस जे झेपले ते रायगडच्या मुलांस झेपणार नाही, असे म्हणणे हा आपल्याच मुलांचा अपमान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिजिटल साक्षरता आणि चिकित्सक विचार हे दोन्ही शब्द आहेत. आपण पहिल्यासाठी यंत्रे विकत घेतली, आणि दुसरा बाजारात मिळत नाही म्हणून तो कागदावरच राहिला.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मोबाईल हिसकावून घ्या म्हणजे झाले. वर्गात त्याची लुडबुड नको, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु शाळेची घंटा झाल्यावर तोच मोबाईल घरी वडिलांच्या हाती असतो. आणि वाचकांनी रागावू नये. सकाळच्या चहाबरोबर कसल्याशा काढ्याने कर्करोग बरा होत असल्याचा निरोप दहा घरी पाठविणारे गृहस्थ अशिक्षित नसतात. ते पदवीधर असतात, आणि त्यांचा मुलगा ते पाहत असतो.

म्हणून शाळासमितीच्या पुढील सभेत पालकांनी, पडदे किती आले, हा प्रश्न खुशाल विचारावा. पण त्यापाठोपाठ दुसराही विचारावा: आमच्या मुलाने या वर्षी एखादे तरी विधान खोटे ठरवून दाखविले काय, आणि ते कशाच्या आधारे? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर शाळेने यंत्रे घेतली एवढेच खरे. शिक्षण अद्याप व्हावयाचे आहे.