आनंदाची आगाऊ नोंदणी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की आमच्या जुन्नर-आंबेगावात सहलींचा हंगाम सुरू होतो. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशा गावांत पहाटे चार-साडेचारला शाळांच्या दारात गाड्या उभ्या राहतात. कानटोप्या घातलेली मुले, डबे हातात देणाऱ्या आया, यादी घेऊन डोकी मोजणारे गुरुजी अशी सगळी धांदल असते. या गर्दीच्या कडेला चालकाशी बोलत एक माणूस उभा असतो. तो कुणाच्या फोटोत येत नाही. पण त्या दिवसाची जुळवाजुळव त्याने महिनाभर आधीपासून केलेली असते. आमच्याकडे त्याला 'ट्रॅव्हल्सवाला' म्हणतात. मी त्यांच्यापैकीच एक.

हा धंदा बाहेरून मजेचा दिसतो. 'तुमचं काय बुवा, रोज पाळणे आणि रोज पाणी!' असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात पाळण्यात बसण्याची वेळ आमच्यावर क्वचितच येते. आम्ही असतो तिकीटखिडकीशी, नाहीतर वाहनतळावर. आम्ही विकतो ती वस्तू दाखवता येत नाही, तोलून देता येत नाही आणि आवडली नाही म्हणून परतही घेता येत नाही. ती असते एका घराच्या वर्षातला एक दिवस. तो बिघडला तर पैसे परत देता येतील, दिवस कुठून परत द्यायचा?

आनंदाची अशी आगाऊ नोंदणी करणारे आम्ही काही पहिले नव्हे. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या गृहस्थाने सुमारे पाचशे माणसांना एकेका शिलिंगात लेस्टरहून लॉफबरोला रेल्वेने नेऊन आणले. दारूबंदीच्या मेळाव्यासाठी काढलेली ती सहल पुढे जगभरच्या पर्यटन व्यवसायाची सुरुवात ठरली. पण तेवढे लांब जायला नको. आमच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे येतात, तारीख ठरते, बोली होते, सुपारी दिली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या या गावाला हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राहुटीतल्या व्यवस्थापकाच्या शब्दावर सारे गाव विसंबून असते आणि यात्रेच्या रात्री पाऊस आला तरी लोक पाहतात त्याच्याकडेच. माझा धंदा त्या राहुटीचाच धाकटा भाऊ आहे, असे मला वाटते.

फरक इतकाच, की यात्रेचा आनंद गावाकडे चालत येई. आताच्या आनंदाकडे गावाला जावे लागते. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे मुंबई गाठणाऱ्या सहलींत त्याची भर पडली. कितीतरी मुलांनी खाडी ओलांडणारी बोट त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि पुढे पाळण्यांपेक्षा बोटीचीच आठवण जास्त सांगितली. ते एस्सेलवर्ल्ड आता बंद पडले आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले, म्हणजे आमच्या शेजारच्या संगमनेरकरांकडे. लोणावळा आणि शिर्डीचे वॉटर पार्कही आहेतच. चार घरे हाँगकाँगच्या डिस्नेलँडची किंवा सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओची चौकशी करतात. पण माझे बहुतेक गिऱ्हाईक चाकण-तळेगाववरून खोपोलीला जाऊन रात्री परतणारे.

हे गिऱ्हाईक कोण? ज्याचे उत्पन्न बाजारभावावर हेलकावते तो शेतकरी. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेला आणि 'यंदा पोरांना न्यायचंच' असे म्हणत माणसे आली. पुढे भाव कोसळले तेव्हा त्यांतल्याच काहींनी दबक्या आवाजात विचारले, 'पुढच्या वर्षी ढकललं तर चालेल का?' मुलांना शब्द देऊन झालेला असतो, म्हणून तो आवाज दबका. अशा वेळी नियमावर बोट ठेवणारा एजंट एका तिकिटाचे पैसे वाचवतो आणि एक घर गमावतो.

खरी कसोटी लागते ती बारीकसारीक गोष्टींत. मोठ्या पाळण्यांपाशी उंचीची पट्टी असते. दोन बोटे कमी भरलेला मुलगा तासभर रांगेत उभा राहून मागे वळतो, तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही. म्हणून मी टेबलाच्या खणात मोजपट्टी ठेवतो आणि उंची इथेच मोजतो. 'याला तो मोठा पाळणा मिळणार नाही, पण हे सहा मिळतील,' असे आधी सांगितले की मूल त्या सहांची स्वप्ने पाहत जाते. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणलेल्या बाईला हे दारात कळले तर तिचा अपमान होतो. तिला आधी सांगितले तर ती डबा गाडीत ठेवते आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांना वाढते.

बायकांचा प्रश्न याहून नाजूक. वॉटर पार्कमध्ये ठराविक कपड्यांशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. 'दादा, तिथं आम्ही काय करायचं?' हा प्रश्न मला वर्षानुवर्षे ऐकू येतो. त्याचा अर्थ असा, की पैसे सगळ्यांचे भरायचे, आणि आम्ही चपला-पिशव्या सांभाळत काठावर बसायचे का? मी चार घरांच्या बायकांना मिळून जायला सुचवतो. एकटी सून पाण्यात उतरत नाही. चौघी जावा-नणंदा असल्या की संध्याकाळी त्यांना बाहेर बोलवावे लागते. आजींना मात्र स्पष्ट सांगतो, 'आजी, तिथं चालणं फार आहे आणि गुडघा तुमचा आहे.' त्यांचे तिकीट बुडते, पण ओझर किंवा लेण्याद्रीच्या वेळी त्या माझ्याकडेच येतात. लेण्याद्रीच्या पायऱ्यांपाशी डोली मिळते हेही मीच त्यांना सांगतो.

आणि आमच्या भागाची अशी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या एजंटाच्या ध्यानीमनी नसते. चाकणच्या कोंडीत गाडी अडकली की परतायला अकरा वाजतात. उसाच्या कडेने वस्तीवर जाणाऱ्या मुलाला त्या वेळी एकटे सोडता येत नाही, कारण बिबट्याचे भय हा आमच्याकडे रोजचा विषय आहे. म्हणून चाकण सुटले की पालकांना फोन जातो आणि फाट्यावर माणूस उभा दिसल्याशिवाय मूल उतरत नाही. कोणत्याही माहितीपत्रकात ही सेवा छापलेली नसते.

मार्च २०२० मध्ये सगळे ठप्प झाले, तेव्हा या धंद्याची दुसरी बाजू उघडी पडली. उन्हाळ्याच्या सहलींचे आगाऊ पैसे मी पुढे गाडीमालकांना, मुक्कामाच्या जागांना देऊन बसलो होतो. त्यांचेही हात बांधलेले. पण लोकांनी पैसे माझ्या हातात दिले होते आणि मला रोज त्यांच्याच दारावरून जायचे होते. मोठ्या शहरात दुकान बंद करून पाटी बदलता येते. तालुक्याच्या गावात तोंड कसे लपवायचे? ते पैसे फेडायला मला दीड वर्ष लागले. काहींनी 'राहू द्या, सुरू झालं की नेऊन आणा,' असे म्हणून घेतलेच नाहीत. तो विश्वास परतफेडीपेक्षा जड होता.

आता तिकिटे मोबाईलवर मिळतात. 'मग तुमची गरज काय?' हा प्रश्न रास्त आहे. नुसते तिकीट हवे असेल तर माझी गरज नाही, हे मी स्वतःच सांगतो. पण मोबाईल 'येत्या रविवारी जाऊ नका, गर्दीत अर्धे पाळणेही होणार नाहीत,' असे म्हणणार नाही. मी म्हणतो. विकणाऱ्यानेच 'नको' म्हणावे, यातच आमच्या धंद्याची उरलेली अब्रू आहे.

शाळांच्या बाबतीत तर हे 'नको' जिवाशी गाठ घालणारे असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले. चौदा तरुण जीव गेले. त्या दिवसानंतर समुद्रकिनारा म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. तरीही आजही काही ठिकाणी सहल ठरते ती माणशी पन्नास रुपये कोण कमी घेतो यावर. ते पन्नास रुपये कुठून वाचतात, याचा विचार पालकांनी करावा. दुसरा चालक न घेता, एका आसनावर तीन मुले बसवून, सोबतचे एक शिक्षक कमी करून ते वाचतात. एस.टी. शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते. त्यात माझे काही सुटत नाही, तरी जिथे ती सोयीची आहे तिथे शाळांनी ती जरूर घ्यावी.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी आहे, नाणेघाट आहे, खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जागतिक कीर्तीची रेडिओ दुर्बीण आहे. पलीकडे आंबेगावात डिंभे धरण आणि भीमाशंकरचे जंगल आहे. तरी मुले खोपोलीचाच हट्ट धरतात, आणि त्यात वाईट काही नाही. किल्ला पाहून मूल शहाणे होते. पाळण्यात ते नुसते ओरडते, आणि तेही एक दिवस हवे असते. माझी विनंती एवढीच: नोंदणीला याल तेव्हा घासाघीस जरूर करा, पण आधी आजींचा गुडघा, धाकट्याची उंची आणि घरच्या बाईला पाण्यात उतरायचे आहे का, हे सांगा. आणि जो एजंट यांतले काहीच न विचारता पावती फाडतो, त्याच्याकडून पावती घेऊ नका.