रिपोर्ट कोणाचा?

"ती क्लासहून यायच्या आत फोन कर, म्हणजे बोलता येईल." मावशीचा असा मेसेज आला की मी मीटिंगमधून उठून जिन्यात जायचो. मी इकडे हिंजवडीत, मावशी तिकडे सांगलीत गॅलरीत, आणि दोघंही दबक्या आवाजात सोळा वर्षांच्या एका मुलीच्या रक्तातल्या आकड्याबद्दल बोलायचो. घरात तो आकडा सगळ्यांना माहीत असायचा, फक्त ते रक्त जिचं होतं ती सोडून. हे चूक होतं असं आता माझं ठाम मत झालंय. आणि त्यात मीही सामील होतो, म्हणून लिहितोय.

मावशीच्या मुलीला घरात चिमी म्हणतात. दहावीच्या वर्षात तिचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी झाली, मग परीक्षेचं टेन्शन झालं. मग पोट जरा पुढे आलेलं दिसायला लागलं, तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, "पाळी वेळेवर येते ना गं तिची?" सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर मोठी गाठ निघाली. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या : एएफपी, एलडीएच आणि बीटा एचसीजी. यातलं बीटा एचसीजी म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टमध्ये बघतात तेच हार्मोन. काही गाठीही ते बनवतात म्हणून तपासावं लागतं. पण लॅबच्या काउंटरवरच्या माणसाला तेवढं कुठून कळणार? त्याने कागद वाचला, चिमीच्या युनिफॉर्मकडे पाहिलं आणि मग मावशीकडे पाहिलं. चिमीला केमोचे बरेचसे दिवस नीट आठवत नाहीत, ती नजर मात्र लख्ख आठवते.

निदान झालं योक सॅक ट्यूमर. अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी-साठीच्या बायका येतात. हा प्रकार बीजपेशींपासून होतो आणि मुख्यतः मुलींमध्ये, तरुण बायकांमध्ये दिसतो. अंडाशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये बीजपेशींच्या गाठींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. वाढतो झपाट्याने, पण औषधाला दादही तशीच देतो. चिमीचं एक अंडाशय काढलं, दुसरं आणि गर्भाशय ठेवलं. मग परळला केमो, दर एकवीस दिवसांनी. सुरुवातीला मावशी-काका दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. तिथल्या जेवणाची आणि माणसांची आठवण काका अजून काढतात.

केमोत तीन औषधं असतात, ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन. सिसप्लॅटिनची गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हा शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो ते बघत होता. जिवाणूंची विभागणी थांबली. करंटमुळे थांबली असं वाटलं, पण कारण निघालं प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. त्यातून सुटलेली संयुगं हे काम करत होती. १९७८ मध्ये त्याला तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. दुसरंच काहीतरी डीबग करताना सापडलेलं औषध! चिमीला सलाईन लावलेलं असताना मी हे रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "दादा, उलटी येतेय, बादली दे."

असो. केमो संपली तेव्हा घरी पेढे वाटले, आणि माझ्या मते खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. उपचार चालू असताना प्रत्येकाकडे काहीतरी काम होतं. आता फक्त वाट बघायची. असा आजार उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला एएफपी. ऑपरेशनआधी आमचा आकडा अकरा हजारांवर होता, तो उतरत उतरत चारवर आला. (शरीरातलं एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं. मी एक्सेलमध्ये लॉग स्केलवर ग्राफ काढला होता, जवळपास सरळ रेषा आली!) मग एका महिन्यात आला ६.८. नॉर्मलच्या आतच, पण मावशीने ते तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. नंतर कळलं की त्या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं होतं. लॅब बदलली की किट बदलतं आणि आकडा थोडा हलतो. डॉक्टर म्हणाले, कायम एकाच ठिकाणी करा. विषय संपला.

चिमीसाठी मात्र संपला नव्हता. ते तीन दिवस घरात काहीतरी शिजतंय हे तिला कळलं होतं. "आईचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली की मी बाथरूममध्ये जाऊन बसते," ती मला म्हणाली. रात्री ती झोपली असं समजून मावशी तिच्या पोटावर हळूच हात फिरवून बघते, गाठ लागते का. चिमी जागीच असते. श्वास एका लयीत ठेवते, आईला कळू नये म्हणून.

त्याच वेळी तिने मला विचारलं, "दादा, परत आला तर?" मी काय म्हणालो? "असं काही होणार नाही गं, पॉझिटिव्ह राहा." झालं. पुढचे पंधरा दिवस तिने माझ्याशी फक्त आयपीएलबद्दल बोलणं केलं. "काही होणार नाही" हे मी माझ्यासाठी म्हणालो होतो. खरं उत्तर अवघड होतं, पण होतं : परत येऊ शकतो, शक्यता कमी आहे, म्हणूनच दर महिन्याला बघतो, आणि आला तरी पुढचे उपचार आहेत. हे तिला शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तिच्याकडे बघून. येताना गाडीत ती झोपली, खरीखुरी.

नातेवाइकांचं म्हणणं वेगळंच. "झालं ना बरं? आता विसरा. आणि बाहेर बोलू नका, उद्या लग्नाचं बघायचंय." एक अंडाशय असलं तरी पाळी येते, मुलं होऊ शकतात, हे समजावून आता मी दमलोय. पण विसरा म्हणजे काय? ब्लिओमायसिनने फुप्फुसाला इजा होऊ शकते. उद्या तिशीत तिचं साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी सांगावं लागेल, कारण जास्त ऑक्सिजन देताना त्याला जपावं लागतं. सिसप्लॅटिनमुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होऊ शकतं. हे कोण सांगणार? तेव्हा मावशी सोबत असेलच असं नाही. फाईल चिमीच्या कपाटात आणि डोक्यात असायला हवी. टाटा हॉस्पिटलने लहान रुग्णांसाठी उपचारांनंतरचं वेगळं क्लिनिक १९९१ मध्येच सुरू केलंय. विसरून चालणार असतं तर कशाला केलं असतं?

मावशीची बाजू मला कळत नाही असं नाही. तिला आधी दहा मिनिटं एकटीने घाबरून घ्यायचं असतं, मग चेहरा नीट करून लेकीसमोर जायचं असतं. ती दहा मिनिटं तिला मिळालीच पाहिजेत. पण ती रिपोर्टनंतर मिळोत, चिमीच्या अंगावर बेतून नकोत. आता ती रडायला माझ्या आईला फोन करते, बिनधास्त, गॅलरीत न जाता.

मार्चपासून रिपोर्ट चिमीच्या फोनवर येतो. रात्री आठला, जेवणाआधी, तिघं टेबलाशी बसतात आणि ती उघडते. पहिल्यांदा काकांचाच हात थरथरत होता. दोन रिपोर्टच्या मध्ये पोटात दुखलं तर काय बघायचं आणि कधी फोन करायचा, हे तिने स्वतः डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवलंय. पाळीच्या आधी दुखलं की ती अजूनही घाबरते. तेव्हा ती आईचा हात स्वतःच पोटावर ठेवते, "बघ एकदा," म्हणून.

पुढची तपासणी मंगळवारी आहे. मावशी म्हणते सुट्टी टाकून येऊ नकोस. चिमी म्हणते ये, आणि ती एक्सेल शीट मला मेल कर, यापुढचे आकडे मी भरणार.