शार्त्रला जाण्यापूर्वी काय विसरावे?

परदेशप्रवासाचा बेत आखताना आपण प्रथम व्हिसा, तिकिटे आणि दिवसांची वाटणी पाहतो. काय वाचून जायचे हा प्रश्न फार तर आदल्या आठवड्यात सुचतो. फ्रान्समधील शार्त्रचे कॅथीड्रल पाहण्याचा बेत आम्ही, मराठी शिकविणारे काही स्नेही, आखू लागलो तेव्हा मात्र त्याही आधीचा एक प्रश्न उभा राहिला : तिथे जाण्यापूर्वी काय विसरायला हवे? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येणार नाही, असे आमचे मत आहे.

'गॉथिक' हा शब्द आपल्यापर्यंत मुख्यतः इंग्रजी कादंबरीच्या वाटेने आला. होरेस वॉल्पोलची 'द कासल ऑफ ओट्रांटो' १७६४ साली प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तिने 'गॉथिक कथा' असे स्वतःचे वर्णन केले, आणि भुयारे, पडके वाडे, काळोख हे सारे या शब्दाला कायमचे चिकटले. वास्तुकलेच्या संदर्भात तर हा शब्द जन्मला तोच निंदेसाठी. सोळाव्या शतकातील इटालियन लेखक वासारी याने ही शैली रानटी गॉथ टोळ्यांच्या माथी मारली. बांधणाऱ्यांच्या मनात मात्र काळोख नव्हता. पॅरिसजवळील सां-दनी येथे मठाधिपती स्यूजेर याने बांधविलेला नवा गाभारा ११४४ साली समर्पित झाला, आणि त्याविषयी लिहिताना त्याने पुनःपुन्हा प्रकाशाचाच गौरव केला. टोकदार कमानी, फासळ्यांनी तोललेले छत आणि भिंतीबाहेर उभारलेले कमानदार टेकू या साऱ्यांमुळे छताचा भार भिंतीवरून उतरला. भार उतरला म्हणून भिंतीत काच बसविता आली. गॉथिक ही मुळात उजेडाची वास्तुकला आहे.

शार्त्रमध्ये याचा पडताळा मिळतो. ११९४ च्या आगीत जुने कॅथीड्रल जळाले. पश्चिमेचा दर्शनी भाग, तळघर आणि काही काचचित्रे तेवढी वाचली. नवी वास्तू विलक्षण वेगाने उभी राहिली आणि १२६० मध्ये तिचे समर्पण झाले. छत सुमारे ३७ मीटर उंच आहे आणि रंगीत काचेचे क्षेत्र अडीच हजार चौरस मीटरहून अधिक. दोन्ही महायुद्धांत या काचा उतरवून सुरक्षित स्थळी हलविल्या होत्या, म्हणून तेराव्या शतकातील इतके काचकाम आज एकाच ठिकाणी पाहता येते.

तरीही कित्येक पिढ्यांनी शार्त्र पाहिले ते काळोखात. ह्यूस्मान्सची १८९८ ची 'ला कातेद्राल' ही कादंबरी याच वास्तूत घडते, आणि अंधारातून हळूहळू उजळणाऱ्या काचा हे तिचे मोठे आकर्षण आहे. २००९ पासून आतील भिंतींच्या सफाईचे व जीर्णोद्धाराचे मोठे काम सुरू झाले. मेणबत्त्यांची, दिव्यांची काजळी काढल्यावर तेराव्या शतकातील फिकट पिवळसर गिलावा आणि त्यावर रंगविलेल्या पांढऱ्या सांध्यांच्या रेषा आढळल्या. तज्ज्ञांनी तोच रंग पुन्हा आणला. २०१४ मध्ये अमेरिकन समीक्षक मार्टिन फिलर यांनी या कामावर कडाडून टीका केली. काळाने वास्तूला दिलेले गांभीर्य पुसले गेले, असा आक्षेपकांचा सूर होता. मध्ययुगीन कलेच्या काही अभ्यासकांनी उलट बाजूने सांगितले की, लोकांना प्रिय असलेले ते गांभीर्य म्हणजे साचलेली घाण होती.

हा वाद मराठीच्या अध्यापकाला परका वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली, आणि मूळ पाठ कोणता यावर अभ्यासक भांडत राहिले. ओळखीचा पाठ प्रिय असतो हे खरे, पण केवळ प्रियतेमुळे तो मूळ ठरत नाही. भिंतींच्या बाबतीत म्हणूनच आम्ही जीर्णोद्धारकांच्या बाजूचे आहोत. जुन्या गिलाव्याचा पुरावा हाती असताना काजळीला परंपरा म्हणणे म्हणजे लेखनिकाच्या हस्तदोषाला कवीची शैली म्हणण्यासारखे आहे.

एका ठिकाणी मात्र आमचा पाय अडखळतो. याच कॅथीड्रलमध्ये स्तंभावरची मेरी म्हणून ओळखली जाणारी सोळाव्या शतकातील लाकडी मूर्ती आहे. ती 'काळी माता' म्हणून पुजली जात होती. जीर्णोद्धारात तिचा चेहरा गोरा झाला, कारण काळा रंग मूळचा नव्हता, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबरही असेल. पण भिंतीवरच्या काजळीची कोणी आराधना केली नव्हती. काळ्या मातेसमोर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी गुडघे टेकले होते. वाचकांनी शतकानुशतके ज्या रूपात कृती आपली मानली, ते रूपही तिच्या इतिहासाचा भाग असते. ज्यांचे दैवतच सावळे आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पाठशुद्धीचा नियम ग्रंथाला जसा लागतो तसा उपास्य मूर्तीला लागत नाही, असे आम्हांस वाटते.

असो. या विचाराचा प्रवासाच्या बेतावर थेट परिणाम होतो. पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून गाडीने शार्त्र तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून बहुतेक वेळापत्रकांत त्याला अर्धा दिवस मिळतो. अर्ध्या दिवसात वास्तू पाहून होईल, वाचून होणार नाही. दक्षिणेकडील काचा दुपारी पेटतात, पूर्वेच्या सकाळी आणि पश्चिमेच्या सायंकाळी. तेव्हा एक मुक्काम हवाच. सोबत दुर्बीण हवी, कारण वरची चित्रे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि सगळ्या काचा पाहण्याचा हट्ट सोडावा. आम्ही एकच निवडली आहे : दक्षिणेच्या बाजूची 'भल्या शोमरोनी'ची काच. ती खालून वर वाचायची. तळाशी जोडे बनविणारे कारागीर आहेत. ही काच त्यांची देणगी मानली जाते. त्यांच्या वर लुटल्या गेलेल्या वाटसरूची ल्यूकच्या शुभवर्तमानातील कथा, आणि तिच्याही वर आदम-हव्वेची निर्मिती व पतन. दोन कथा एकावर एक का रचल्या? मध्ययुगीन टीकाकारांच्या मते तो वाटसरू म्हणजे स्वर्गातून बाहेर पडलेला मनुष्य, आणि त्याला उचलणारा शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. म्हणजे वरचा भाग हा खालच्या कथेवरची टीका आहे, काचेत लिहिलेली. मूळ आणि भाष्य एकत्र वाचण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ही काच कदाचित युरोपीय प्रवाशापेक्षाही लवकर उलगडेल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला असा प्रवास एकदाच येतो, तोही वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकून. म्हणून ल्यूकचा तो अध्याय आणि उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय मराठी बायबलमधून वाचून निघावे. भयकादंबऱ्यांतला काळोख घरी ठेवावा. भिंती उजळ दिसल्या म्हणून हिरमुसू नये. त्या तशाच बांधल्या होत्या.