चुरो मेंढीचा धडा



लोकर जितकी मऊ तितकी मेंढी चांगली, असे आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो. हा नियम सगळीकडे चालत नाही, हे अमेरिकेतील एका मेंढीच्या इतिहासावरून पटते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात नॅव्हाहो आदिवासी राहतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे चुरो जातीची मेंढी आणली. ही मेंढी काटक. काही नरांना चार शिंगेही असतात. लोकर लांब व भरड, पण तिच्यात तेलकटपणा कमी. त्यामुळे ती धुण्यास पाणी थोडे लागते व हाताने सूत चांगले कातता येते. नॅव्हाहो बाया उभ्या मागावर त्याची कांबळी व गालिचे विणतात. मेंढरांची मालकीही परंपरेने बहुधा बायांकडे असते.

१८६३-६४ साली अमेरिकी फौजेने नॅव्हाहोंचे कळप व पिके नष्ट केली आणि त्यांना मुलखाबाहेर नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. त्या तहात १५,००० शेळ्यामेंढ्या देण्याचे कलम होते. कळप पुन्हा वाढले.

१९३० च्या सुमारास मात्र कुरणे उजाड झाली, माती वाहू लागली. दुखणे खरे होते, पण उपाय अघोरी झाला. सरकारने सक्तीने मेंढरे कमी केली. कित्येक गोळ्या घालून मारली. शिवाय त्याआधीपासून ‘सुधारणा’ म्हणून रॅम्बुले जातीचे नर आणले गेले होते. संकरित मेंढीची लोकर मऊ, पण आखूड आणि तेलकट. धुवायला पाणी कोठून आणायचे? सूतही नीट निघेना. अखेर १९३५ साली हातविणीला योग्य लोकर शोधण्यासाठी सरकारलाच फोर्ट विंगेट येथे प्रयोगशाळा काढावी लागली.

१९७० नंतरच्या काळात जुन्या वळणाच्या चुरो मेंढ्या ५०० देखील उरल्या नव्हत्या. आडवळणाच्या वस्त्यांवर काही कुटुंबांनी त्या जपल्या होत्या. १९७७ साली लाइल मॅक्नील या प्राध्यापकांनी त्या गोळा करून पैदास सुरू केली व नॅव्हाहो कुटुंबांना पुन्हा मेंढ्या दिल्या. आज ही जात टिकून आहे.

नव्या जातीला माझा विरोध नाही. मात्र बाहेरचा नर कळपात सोडण्यापूर्वी जुन्या जातीची चार निवडक जनावरे वेगळी राखा. आणि आम्हा अधिकाऱ्यांनीही सल्ला देण्याआधी कातणाऱ्या बाईला विचारावे. लोकरीची पारख तिच्या बोटांना असते.